मनीचा डावा कान



आमच्या घरी मनी नावाची मांजरी आहे. अंगाने करडी, शेपटीवर काळी वलये आणि स्वभावाने मोठी मानी. २०१८ च्या पावसाळ्यात ती आमच्या जिन्याखाली सापडली, तेव्हा तळहातावर मावत होती. आज तिला सात वर्षे पूर्ण झाली आहेत. त्यांतील बहुतेक काळ तिच्या डाव्या कानात एक मांसल वाढ आहे. ती काढली, पुन्हा आली. पुन्हा काढली, पुन्हा आली. आता ती काढायची नाही असे ठरवून आम्ही तिला सांभाळतो आहोत.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. पशुवैद्यक हा माझा विषय नव्हे. पण ध्वनीचा जो पाठ मी इतकी वर्षे फळ्यावर शिकवत आले, तो या एका कानाने मला पुन्हा शिकवला. तोच पाठ आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

माझी पहिली चूक

मनी आठ-नऊ महिन्यांची असताना, २०१९ च्या उन्हाळ्यात, डावा कान सारखा खाजवू लागली. मध्येच डोके जोराने झटकायची. कानातून तपकिरी, वास मारणारा स्राव येऊ लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कोमट खोबरेल घाल दोन थेंब, किडे असतील तर मरतील." मीही आठ दिवस तेल घातले. खाज थांबली नाही, उलट मनी कानाला हातच लावू देईना. शेवटी तिला पिशवीत घालून पशुवैद्यांकडे नेले.

मांजरांच्या कानात सूक्ष्म गोचिडीसारखे किडे होतात हे खरे आहे आणि त्यामुळेही खाज येते. पण कान खाजवण्याचे ते एकच कारण नसते. कारण न शोधता मी उपाय केला होता. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याची वही परत केली असती!

वळण असलेली नळी

मी घरी टॉर्च लावून कानात पाहिले होते, तेव्हा काहीच दिसले नव्हते. डॉक्टर हसून म्हणाले, "मॅडम, दिसणार कसे? वाटेत वळण आहे."

मांजराची कर्णनलिका आपल्यासारखी साधारण सरळ नसते. ती आधी खाली उतरते आणि मग काटकोनात वळल्यासारखी आत जाते. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून टॉर्चचा उजेड पहिल्या भागाच्या भिंतीवरच अडतो. ध्वनीला मात्र हे वळण आड येत नाही. १ किलोहर्ट्झ वारंवारतेच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सुमारे ३४ सेंटिमीटर असते, तर ही नळी काही मिलिमीटर रुंद. इतक्या मोठ्या तरंगलांबीची लहर अशा अरुंद नळीतून वळणासकट पुढे सरकते. एकाच वाटेने ध्वनी आत जातो आणि प्रकाश जात नाही, हे तरंगलांबीच्या फरकाचे किती सुंदर उदाहरण आहे!

डॉक्टरांनी मनीला थोडी भूल दिली, कर्णपाळी वर ओढून वळण सरळ केले आणि कर्णदर्शक आत घातला. खोलवर गुलाबी, गुळगुळीत, वाटाण्याएवढा गोळा होता. त्याचे नाव पॉलिप.

कर्णपटलाच्या पलीकडे मध्यकर्ण असतो. मांजराच्या मध्यकर्णाखाली हाडाची एक फुगीर पोकळी असून तिच्यात हवा असते. या पोकळीच्या किंवा तिला घशाशी जोडणाऱ्या युस्टेशियन नलिकेच्या अस्तरातून दाह होऊन हा गोळा देठासारखा वाढतो. तो घशाकडे वाढला तर मांजर श्वास घेताना घोरते, बाहेरच्या बाजूला वाढला तर कर्णपटल फाडून कर्णनलिकेत येतो. मनीचा असाच बाहेर आला होता. म्हणजे मी घातलेले तेल फाटलेल्या कर्णपटलातून थेट मध्यकर्णात जात होते!

असे पॉलिप बहुधा तरुण मांजरांत होतात आणि ते कर्करोगाचे नसतात. वयस्क मांजराच्या कानातील गाठी मात्र वेगळ्या असू शकतात. मळ तयार करणाऱ्या ग्रंथींच्या निळसर-काळ्या फोडांसारख्या गाठी होतात, त्या साध्या असतात. पण त्याच ग्रंथींचा कर्करोगही होतो. नुसत्या डोळ्यांनी फरक ठरवता येत नाही, म्हणून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. मनीचा तुकडा तपासला, तो साधा पॉलिप निघाला.

डॉक्टरांनी तो चिमट्याने धरून, पिळून, देठासकट ओढून काढला. मनी आठवड्यात बरी झाली. पण देठाचा अंश हाडाच्या पोकळीत राहिला तर गोळा पुन्हा वाढतो. २०२० मध्ये तो वाढला आणि दुसऱ्यांदा काढला.

स्कूटर आणि एक कोडे

२०२२ च्या हिवाळ्यात एका सकाळी मनी आमच्या गल्लीत बसली होती. डावीकडून एक स्कूटर आली. मनी दचकून उठली आणि डावीकडेच, स्कूटरच्या दिशेने, पळाली. चालवणाऱ्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून ती वाचली.

माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती. ती म्हणाली, "आई, मनीला ऐकूच आलं नाही का गं?" मी म्हणाले, "ऐकू आलं नसतं तर ती उठलीच नसती." मग ती आवाजाकडेच का धावली? या कोड्याचे उत्तर शोधताना मला माझाच पाठ उघडावा लागला.

दोन कान कशासाठी?

आवाज ऐकायला एक कानही पुरतो. दुसरा कान मुख्यतः दिशा कळावी म्हणून उपयोगी पडतो. इंग्लंडचे पदार्थवैज्ञानिक लॉर्ड रॅली यांनी १९०७ साली याचे स्पष्टीकरण दिले. त्यांच्या मते आपला मेंदू दोन गोष्टींची तुलना करतो.

पहिली गोष्ट वेळ. डावीकडून आलेला ध्वनी डाव्या कानाला आधी आणि उजव्या कानाला नंतर पोचतो. आम्ही मनीच्या दोन कानांतील अंतर मोजले, ते सुमारे ७ सेंटिमीटर भरले. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला ३४० मीटर धरा. ०.०७ ला ३४० ने भागले की सुमारे ०.०००२ सेकंद येतात. म्हणजे जास्तीत जास्त फरक सेकंदाचा पाच हजारावा भाग! आपल्या कानांतील सरळ अंतर १७ सेंटिमीटर धरले, तर हा फरक सेकंदाचा दोन हजारावा भाग येतो.

दुसरी गोष्ट तीव्रता. डोके ध्वनीच्या वाटेत आडवे येते आणि पलीकडच्या कानावर ध्वनीची सावली पडते. पण ही सावली चांगली पडायला तरंगलांबी डोक्याच्या मानाने लहान हवी. ५०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ६८ सेंटिमीटर, तो मनीच्या डोक्याला सहज वळसा घालून जातो. २० किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी १.७ सेंटिमीटर, त्याची मात्र सावली पडते.

यातून एक गमतीची गोष्ट कळते. डोके जितके लहान, तितका वेळेतील फरक कमी आणि सावलीसाठी लागणारी वारंवारता जास्त. म्हणून लहान डोक्याच्या सस्तन प्राण्यांना बहुधा अधिक उच्च वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात. आपली वरची मर्यादा २० किलोहर्ट्झ, तर मांजराची सुमारे ८५ किलोहर्ट्झ. उंदरांचे आपल्याला ऐकू न येणारे चीत्कार मांजर टिपते ते याच बळावर.

आता मनीच्या डाव्या कानाकडे वळू. कर्णपटल फाटलेले, मध्यकर्णात हवेऐवजी मांस आणि द्रव. हवेतून येणारा ध्वनी पाण्यासारख्या द्रवावर सरळ आदळला, तर त्याच्या ऊर्जेचा सुमारे हजारावा भागच आत शिरतो, बाकीची परावर्तित होते. कर्णपटल आणि मध्यकर्णातील इवली हाडे यांचे कामच मुळी ही गळती भरून काढण्याचे असते. ती यंत्रणा बिघडली की कानावर आदळणारा आवाज मंद होतो.

स्कूटर डावीकडे होती. पण डावा कान मंद आणि उजवा तीक्ष्ण, म्हणून उजव्या कानातला आवाजच मोठा ठरला. मेंदूने तुलना केली आणि उत्तर काढले, 'धोका उजवीकडे आहे'. मनी धोक्यापासून दूर, म्हणजे डावीकडे, पळाली. तिचे गणित चुकले नव्हते. मोजमापाचे एक उपकरण बिघडले होते.

एका प्रसंगावरून सिद्धांत मांडू नये, हे खरे. पण संशय घ्यायला तो पुरेसा होता. या वेळी खाज नव्हती, स्राव नव्हता, तरी आम्ही कान तपासून घेतला. पॉलिप तिसऱ्यांदा वाढला होता.

काढायचा की सांभाळायचा?

या वेळी डॉक्टरांनी हाडाची ती पोकळी खालच्या बाजूने उघडून अस्तर खरवडण्याची शस्त्रक्रिया सुचवली. तीत पॉलिप मुळापासून निघण्याची शक्यता बरीच वाढते. पण त्या पोकळीजवळून डोळ्याच्या बाहुलीकडे जाणारे मज्जातंतू जातात आणि चेहऱ्याचा मज्जातंतूही जवळच असतो. तोल सांभाळणारा अंतर्कर्ण शेजारीच आहे. शस्त्रक्रियेनंतर काही मांजरांची पापणी झुकते, डोके कलते. पुष्कळदा हे काही आठवड्यांत सुधारते, क्वचित कायम राहते.

एवढा धोका आम्ही पत्करला असता. पण भूल देण्यापूर्वीच्या तपासणीत डॉक्टरांना हृदयात खरखर ऐकू आली. सोनोग्राफी केली, तेव्हा हृदयाचे स्नायू जाड झालेले दिसले. अशा हृदयाला दीर्घ भूल धोक्याची. सूज उतरवण्यासाठी एरवी दिली जाणारी स्टिरॉइडची गोळीही जपूनच द्यावी लागते.

डॉक्टर म्हणाले, "कान बरा करायला जाऊन मांजर गमवायचं का, हा प्रश्न आहे. निर्णय तुमचा."

त्या रात्री आम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलावर कागद घेतला. एका बाजूला शस्त्रक्रियेने काय मिळेल, दुसऱ्या बाजूला काय जाईल, असे लिहिले. मुलगी मधेच उठून मनीजवळ जाऊन बसली. तिने कागदावर काही लिहिले नाही. शेवटी ठरले की, मनी खाते-पिते, खेळते, तिला वेदना नाहीत, तोपर्यंत पॉलिप सांभाळायचा. मात्र डोळे मिटून नव्हे, नोंद ठेवून.

घरातली नोंदवही

सांभाळणे म्हणजे काही न करणे नव्हे. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक तक्ता टांगलेला आहे. दर रविवारी मुलगी त्यात पाच गोष्टी लिहिते: कानाचा वास, स्राव, अर्ध्या तासात डोके किती वेळा झटकले, डोके कलते का, आणि वजन. २०२४ च्या पावसाळ्यात डोके झटकण्याचा आकडा दोन-तीनवरून एकाच आठवड्यात अकरावर गेला. वास आलेला नव्हता, स्रावही नव्हता. पण आकडा बोलत होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना जंतुसंसर्गाची सुरुवात सापडली आणि औषधाने ती आवरली. 'आज जरा जास्तच झटकते आहे' असे नुसते वाटणे आणि 'दोनचे अकरा झाले' हे कळणे, यांत विज्ञानाचा सारा फरक आहे.

कान धुण्यासाठी डॉक्टरांनी दिलेले निर्जंतुक मिठाचे पाणीच वापरतो. कर्णपटल फाटलेले असल्यामुळे पुष्कळ औषधे अंतर्कर्णाला इजा करू शकतात, म्हणून स्वतःच्या मनाने कोणताही थेंब घालायचा नाही. कापसाच्या काड्या तर मुळीच नाहीत, त्या मळ आणखी आत ढकलतात.

हे पाणी आम्ही आधी कोमट करून घेतो. मांजराच्या शरीराचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते. थंड पाणी गेले तर अंतर्कर्णाच्या अर्धवर्तुळाकृती नलिकांतील द्रव एका बाजूने थंड आणि जड होतो, त्यात अभिसरण सुरू होते आणि डोके स्थिर असूनही 'मी फिरते आहे' असा भास मेंदूला होतो. भांड्यातले पाणी तापताना जे वर-खाली फिरते, तेच हे अभिसरण! कानात थंड-गरम पाणी सोडून तोलाची परीक्षा करण्याची पद्धत रॉबर्ट बाराणी यांनी विकसित केली. अंतर्कर्णावरील संशोधनाबद्दल त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

घराची मांडणीही बदलली. मनी आता गल्लीत जात नाही. खिडक्यांना जाळी बसवली आहे. ती झोपलेली असताना आम्ही डावीकडून अचानक हात लावत नाही, उजवीकडून येतो किंवा आधी जमिनीवर टिचकी मारतो. फरशीचे कंपन तिला पावलांतून कळते.

एकदा आम्ही एक छोटी चाचणीही घेतली. खाऊचा डबा पडद्याआडून कधी उजवीकडे, कधी डावीकडे वाजवला. दहा दिवसांत वीस नोंदी केल्या. उजवीकडच्या दहांपैकी नऊ वेळा मनी उजवीकडे वळली. डावीकडच्या दहांपैकी चार वेळा ती डावीकडे वळली, पाच वेळा उजवीकडे, आणि एकदा जागची हललीच नाही. वीस नोंदींवर मोठा निष्कर्ष काढता येत नाही, आणि न हललेल्या मांजराला ऐकू आले नाही की खाऊ नको होता, हे कोण सांगणार? तरी नोंदी स्कूटरच्या प्रसंगाशी जुळतात. डावीकडचे चार अचूक कसे आले? एका कानानेही थोडी दिशा कळते. कर्णपाळीच्या घड्या निरनिराळ्या दिशांच्या ध्वनीत निरनिराळा बदल करतात, आणि मांजर कर्णपाळी फिरवून पुनःपुन्हा 'मोजू' शकते. मनी आता आवाज झाला की आधी थांबते, उजवा कान चहूकडे फिरवते आणि मगच हलते. आम्ही तिच्यासाठी घर बदलले, तिने स्वतःची सवय बदलली.

तुमच्या घरी मांजर असेल आणि ते कान खाजवत असेल, डोके झटकत असेल, डोके एका बाजूला कलते असेल, तर त्याला लगेच पशुवैद्यांकडे न्या. आणि माणसांचे औषध त्याला कधीही देऊ नका. आपल्या घरातली पॅरासिटॅमॉलची साधी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

मनीचा कान बरा झालेला नाही, होणारही नाही. पण त्यात काय बिघडले आहे आणि काय शाबूत आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. न बरे होणाऱ्या दुखण्यासह जगताना एवढे माहीत असणेही थोडे नसते. हे लिहीत असताना ती माझ्या टेबलावर बसली आहे, माझ्या डाव्या हाताला. म्हणजे तिचा उजवा कान माझ्याकडे आहे. ही जागा तिने आपणहून निवडली.

करून पाहा

१. सुमारे १ मीटर लांबीची रबरी नळी घ्या. तिचा मध्य शाईने खुणा. नळीची टोके मित्राला दोन्ही कानांशी नुसती टेकवून धरायला सांगा, आत खुपसू नका. नळी पाठीमागून जाऊ द्या. मध्यापासून निरनिराळ्या अंतरांवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा आणि 'डावीकडे की उजवीकडे' ते विचारा. मध्यापासून २ सेंटिमीटरवर टिचकी मारली तर दोन वाटांत ४ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे वेळेत सुमारे साडेआठ हजारावा भाग सेकंद. किती कमी अंतरापर्यंत उत्तर अचूक येते?

२. मित्राचे डोळे बांधून त्याला खुर्चीवर बसवा. निरनिराळ्या दिशांनी हलकी टाळी वाजवा आणि त्याला बोट दाखवायला सांगा. २० वेळा दोन्ही कान उघडे ठेवून आणि २० वेळा एक कान तळहाताने झाकून नोंदी करा. चुका कोणत्या बाजूला जास्त झुकतात? मित्राने डोके हलवले तर फरक पडतो का?

हे प्रयोग मांजरावर करू नका. त्याला कंटाळा येतो आणि ते तुम्हांला सहकार्य करणार नाही!

विचार करा

१. हत्तीच्या दोन कानांतील अंतर १ मीटर धरले, तर ध्वनी पोचण्याच्या वेळेत जास्तीत जास्त किती फरक पडेल?

२. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. विहिरीत बुडी मारल्यावर आवाज कोणत्या दिशेने आला हे आपल्याला नीट का कळत नाही?